वेब सर्व्हरची शिदोरी: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कुठून येतात आणि कुठे हरवतात

पहाटे पावणेपाचला निफाडकडच्या एका नानांचा फोन आला. “दादा, तुमच्या साइटवर अजून कालचीच तारीख दिसती. आजचं पान उघडणार नाही का?” कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन लासलगावला निघण्याआधी ते आमची बाजारभावाची साइट बघतात. मी डोळे चोळत लॅपटॉप उघडेपर्यंत साडेपाच वाजून गेले होते आणि तारीख अगदी बरोबर दिसत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोन, पुन्हा तेच. मी सर्व्हरवर लॉगिन करून तोच प्रोग्राम हाताने चालवला, तर तारीख आजची.

कारण सापडलं तेव्हा ते अगदी साधं निघालं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात त्याच्या दृष्टीने ‘काल’च चालू असतो. टाइमझोन सांगणारं ‘टीझेड’ नावाचं व्हेरिएबल मी माझ्या ‘.बॅशआरसी’ फाइलीत (मी टर्मिनल उघडलं की बॅश शेल वाचतो ती फाइल) लिहून ठेवलं होतं. मी हाताने प्रोग्राम चालवला की त्याला ते मिळायचं. पण साइट मी चालवत नव्हतो, सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) चालवत होतं, आणि सिस्टमडी माझी ‘.बॅशआरसी’ वाचत नाही.

नाशिकमध्ये छोट्या टीमसोबत सर्व्हर सांभाळताना मला भेटलेल्या ‘माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर चालत नाही’ प्रकारच्या कितीतरी तक्रारी शेवटी इथेच येऊन थांबल्या आहेत. म्हणून हे सगळं एकदा नीट, हाताने करून बघू.

कमांड, फाइलींची नावं आणि व्हेरिएबल इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची आणि व्हेरिएबलची नावं मोठ्या अक्षरांत.

गाठोडं कोण बांधतं?

युनिक्सच्या १९७९ मधल्या सातव्या आवृत्तीपासून ही पद्धत चालत आली आहे. कोणतीही प्रोसेस (म्हणजे चालू प्रोग्राम) सुरू होते तेव्हा तिच्यासोबत ‘नाव=किंमत’ अशा ओळींचं एक गाठोडं येतं, त्यालाच एन्व्हायर्नमेंट म्हणतात. तिला जन्म देणारी प्रोसेस ते बांधून देते. गावाहून निघताना आई शिदोरी बांधून देते, तसंच. एकदा एसटीत बसलात की घरी नंतर काय शिजलं त्याचा तुमच्या डब्याशी संबंध उरत नाही, आणि तुम्ही डब्यातलं काही संपवलंत म्हणून घरचं भांडं रिकामं होत नाही.

टर्मिनल उघडून करून बघा:

गाव=निफाड
बॅश -सी 'एको $गाव'

उत्तर कोरं येईल. ‘गाव’ तुमच्या शेलपुरतं (टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रामपुरतं) ठेवलं आहे, गाठोड्यात घातलेलं नाही. आता ‘एक्स्पोर्ट गाव’ असं लिहून दुसरी ओळ पुन्हा चालवा. ‘निफाड’ छापलं जाईल. मग नुसतं ‘बॅश’ लिहून नवा शेल उघडा, त्यात ‘गाव=येवला’ करा, ‘एक्झिट’ करून परत या आणि ‘एको $गाव’ करा. अजून ‘निफाड’च. मुलाने केलेला बदल बापाकडे परत येत नाही. बापाने नंतर केलेला बदलही आधीच सुरू झालेल्या मुलाला कळत नाही. पुढचे जवळजवळ सगळे घोटाळे या दोन वाक्यांतून निघतात, म्हणून हे पाच मिनिटं काढून खरंच करून बघा.

चालू सर्व्हरच्या गाठोड्यात डोकवा

अंदाज बांधत बसण्याआधी बघून घ्यावं. आधी ‘पीग्रेप -एफ जीयुनिकॉर्न’ अशा कमांडने प्रोसेसचा नंबर काढा (जीयुनिकॉर्न म्हणजे पायथनचं अॅप चालवणारा सर्व्हर). समजा तो १२३४ आला. मग:

सुडो कॅट /प्रॉक/१२३४/एन्व्हायरॉन | टीआर '\०' '\एन' | सॉर्ट

या फाइलीत व्हेरिएबल शून्य बाइटने तोडलेली असतात. ‘टीआर’ त्या जागी नवीन ओळ घालतं, नाहीतर सगळं एकाला एक चिकटून दिसतं. ही फाइल फक्त त्या प्रोसेसच्या मालकाला आणि रूटला (मशीनच्या मुख्य युजरला) वाचता येते. यात दिसतं ते प्रोसेस सुरू होतानाचं गाठोडं. प्रोग्रामने नंतर स्वतःच्या पोटात काही बदललं असेल तर ते सहसा इथे दिसत नाही.

मी हे केलं तेव्हा यादीत ‘पाथ’ होतं, ‘होम’ होतं, भाषा सांगणारं ‘लँग’ होतं, ‘टीझेड’ नव्हतं. दोन दिवस ज्याच्यामागे धावत होतो ते या एका कमांडने समोर आलं. तेव्हापासून कोणी म्हणालं “व्हेरिएबल सेट केलंय, तरी चालत नाही,” तर मी आधी हीच कमांड चालवायला सांगतो.

सिस्टमडीमध्ये व्हेरिएबल द्यायचं कसं

उबुंटू किंवा डेबियनवर तुमचं अॅप सेवा म्हणून चालत असेल, तर गाठोडं सिस्टमडी बांधतं. ते .बॅशआरसी वाचत नाही, .प्रोफाइल वाचत नाही. /इटीसी/एन्व्हायर्नमेंट ही फाइल लॉगिनच्या वेळी वाचली जाते, सेवांसाठी नाही. तिथे लिहून सेवेला मिळेल अशी आशा धरणारे खूप भेटतात.

बदल करताना मूळ युनिट फाइल (सेवा कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी फाइल) न छेडता ‘सुडो सिस्टमसीटीएल एडिट भाव’ वापरा (‘भाव’ हे आमच्या सेवेचं नाव) आणि उघडलेल्या कोऱ्या जागेत लिहा:

[सर्व्हिस]
एन्व्हायर्नमेंट="टीझेड=एशिया/कोलकाता"
एन्व्हायर्नमेंटफाइल=/इटीसी/भाव/भाव.एन्व्ह

साध्या, उघड गोष्टी पहिल्या प्रकारच्या ओळीत आणि पासवर्ड, की वगैरे फाइलीत. या विभागणीला कारण आहे. ‘एन्व्हायर्नमेंट’ ओळीत लिहिलेलं ‘सिस्टमसीटीएल शो’ कमांडने मशीनवरच्या कोणत्याही साध्या युजरला दिसतं. फाइलीच्या बाबतीत फक्त तिचा पत्ता दिसतो. शिवाय ती फाइल सिस्टमडी स्वतः रूट म्हणून वाचतं. त्यामुळे सेवा जरी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरच्या नावाने चालत असली तरी फाइलीचा मालक रूट आणि परवानगी ६०० (वाचणं-लिहिणं फक्त मालकाला) ठेवता येते. दोन्हीकडे एकच नाव असेल तर फाइलीतली किंमत जिंकते.

युनिट बदललं की ‘डीमन-रीलोड’ आणि मग ‘रीस्टार्ट’. (‘सिस्टमसीटीएल एडिट’ने बदललं असेल तर ‘डीमन-रीलोड’ ते स्वतःच करतं.) फक्त .एन्व्ह फाइल बदलली असेल तर नुसता रीस्टार्ट पुरतो, कारण ती सेवा सुरू होताना वाचली जाते. पण सेवेच्या ‘रीलोड’वर विसंबू नका. जीयुनिकॉर्नला रीलोड दिला की जुनीच मुख्य प्रोसेस नवे वर्कर जन्माला घालते, आणि त्यांना तिच्याकडचीच जुनी शिदोरी मिळते.

एनजिनएक्स, पीएचपी आणि अपाचे: तिघांचे तीन स्वभाव

एनजिनएक्स (एक वेब सर्व्हर) मिळालेलं गाठोडं बहुतेक रिकामं करून टाकतं. फक्त ‘टीझेड’ ठेवतं. आणखी काही हवं असेल तर मुख्य कॉन्फिगमध्ये, ‘एचटीटीपी’ ब्लॉकच्या बाहेर, ‘एन्व्ह’ या निर्देशाने नाव सांगावं लागतं. तेवढं करूनही कॉन्फिग फाइलीत ‘$डीबी_होस्ट’ लिहिलं तर तिथे व्हेरिएबलची किंमत येत नाही, कारण कॉन्फिगमधली डॉलरची नावं एनजिनएक्सची स्वतःची असतात. म्हणून ‘एन्व्हसब्स्ट’ या छोट्या कमांडने साच्यातून कॉन्फिग आधी तयार करून घेतात. एनजिनएक्सची अधिकृत डॉकर इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला साचा) टेम्प्लेट्स फोल्डरमधल्या फाइलींवर हेच काम सुरू होताना आपोआप करते.

पीएचपी-एफपीएमही (पीएचपीचा कोड चालवणारी सेवा) कोरडं आहे. त्याच्या पूल फाइलीत ‘क्लिअर_एन्व्ह’ मुळातच ‘येस’ असतं, म्हणजे वर्करपर्यंत काहीच पोचत नाही. हवं ते एकेक करून द्यायचं:

एन्व्ह[डीबी_होस्ट] = $डीबी_होस्ट

‘क्लिअर_एन्व्ह’ बंद करणं सोपं वाटतं, पण मी ते करत नाही. काय आत जातंय ते नावानिशी लिहिलेलं असावं. पीएचपीमध्ये आणखी एक चकवा आहे. ‘$_एन्व्ह’ हा ॲरे कित्येक ठिकाणी रिकामा सापडतो, कारण ‘व्हेरिएबल्स_ऑर्डर’ या सेटिंगमध्ये ‘ई’ अक्षर नसतं. ‘गेटएन्व्ह’ फंक्शन वापरा.

अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरचं ‘सेटएन्व्ह’ नावाने फसवतं. ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाठोड्याला हात लावत नाही. अपाचेची आतली एक वेगळी यादी आहे, तिच्यात नोंद करतं आणि ती यादी सीजीआय (ते काय ते पुढच्या भागात) किंवा पीएचपीकडे पोचवतं. पायथनचं अॅप मॉड_डब्ल्यूएसजीआयवर (अपाचेतून पायथन चालवणाऱ्या मॉड्यूलवर) असेल तर ‘सेटएन्व्ह’ची किंमत प्रत्येक विनंतीसोबत येणाऱ्या डिक्शनरीत सापडते, ‘ओएस.एन्व्हायरॉन’मध्ये नाही. हे माहीत नसेल तर एक अख्खी दुपार जाते. अपाचेच्या मूळ प्रोसेसलाच व्हेरिएबल द्यायचं असेल तर डेबियन-उबुंटूवर /इटीसी/अपाचे२/एन्व्हव्हार्स ही जागा आहे, आणि तिथून ते पुढे सीजीआयकडे सोडायला ‘पासएन्व्ह’.

विनंतीसोबत येणारी व्हेरिएबल

इथवर आपण सर्व्हर सुरू होताना मिळणाऱ्या गोष्टी पाहिल्या. वेब सर्व्हर याच वाटेने दुसरी एक गोष्ट पाठवायचे, आणि तिची सावली आजही सगळीकडे आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए संस्थेत वेब सर्व्हरवर काम करणाऱ्यांसमोर प्रश्न होता की ब्राउझरने काय मागितलं ते बाहेरच्या प्रोग्रामला सांगायचं कसं. प्रोग्राम कोणत्याही भाषेतला असू शकतो. मग त्यांनी प्रत्येक भाषेला वाचता येणारी वस्तू वापरली, एन्व्हायर्नमेंट. दर विनंतीला नवी प्रोसेस आणि तिच्या गाठोड्यात विनंतीची माहिती. हेच सीजीआय. २००४ मध्ये आरएफसी ३८७५ म्हणून ते नीट लिहून निघालं.

समजा कोणी आमच्या साइटवर ‘/भाव?बाजार=लासलगाव’ मागितलं. तर ‘रिक्वेस्ट_मेथड’मध्ये ‘गेट’ येईल, ‘रिमोट_एडीडीआर’मध्ये मागणाऱ्याचा आयपी पत्ता, आणि ‘क्वेरी_स्ट्रिंग’मध्ये प्रश्नचिन्हापुढचा भाग जसाच्या तसा, न उलगडता. ‘लासलगाव’ या शब्दात काने धरून ७ चिन्हं आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे ३ बाइट म्हणजे २१ बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका ‘लासलगाव’साठी ६३ अक्षरं. मराठी शोधशब्दांची साइट बनवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, लांबीची मर्यादा ठरवताना उपयोगी पडतं. पोस्ट विनंतीचा मजकूर मात्र व्हेरिएबलमध्ये येत नाही. तो स्टँडर्ड इनपुटवरून वाचायचा आणि किती बाइट वाचायचे ते ‘कंटेंट_लेंग्थ’ सांगतं.

आज दर विनंतीला नवी प्रोसेस सहसा कोणी काढत नाही, पण पीएचपीचा ‘$_सर्व्हर’ आणि पायथनची डब्ल्यूएसजीआय डिक्शनरी यांत हीच नावं दिसतात.

यातला धोका समजून घ्या. ब्राउझरने पाठवलेला जवळजवळ प्रत्येक हेडर (विनंतीसोबत येणारी ‘नाव: किंमत’ अशी ओळ) मोठ्या अक्षरांत करून, आडव्या रेघेच्या जागी अंडरस्कोर घालून, पुढे ‘एचटीटीपी_’ लावून व्हेरिएबल बनतो. ‘यूजर-एजंट’चा होतो ‘एचटीटीपी_यूजर_एजंट’. आता कोणी ‘प्रॉक्सी’ नावाचा हेडर पाठवला तर? तयार होतं ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’. आणि बाहेर जाणाऱ्या विनंत्या कोणत्या प्रॉक्सीतून न्यायच्या हे कित्येक लायब्रऱ्या याच नावाच्या व्हेरिएबलमधून वाचतात. म्हणजे परक्याने पाठवलेल्या एका ओळीने तुमच्या सर्व्हरचा बाहेरचा रस्ता वळवता यायचा. २०१६ मध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ नावाने हे उघड झालं. एनजिनएक्समध्ये ‘फास्टसीजीआय_पॅरम एचटीटीपी_प्रॉक्सी ""’ आणि अपाचेत ‘रिक्वेस्टहेडर अनसेट प्रॉक्सी अर्ली’ ही एकेक ओळ घातली की तो हेडर पुढे जात नाही. त्याआधी २०१४ मध्ये शेलशॉकही याच वाटेने आलं होतं. बॅश हे व्हेरिएबलच्या किमतीत लपवलेला कोड सुरू होतानाच चालवत असे, आणि सीजीआयमुळे ती किंमत बाहेरचा माणूस हेडरमधून पाठवू शकत असे.

एकच फाइल, तीन वाचणारे

.एन्व्ह फाइल दिसायला निरुपद्रवी असते, पण वाचणारा बदलला की अर्थ बदलतो. हे मी पासवर्डच्या बाबतीत भोगलं आहे. समजा फाइलीत ही ओळ आहे:

डीबी_पासवर्ड="नाशिक$२०२७"

(नमुना म्हणून. सिंहस्थाचं साल पासवर्डात घालू नका, नाशिकचा कोणीही ते पहिल्या फटक्यात ओळखेल.)

शेलमध्ये ‘सोर्स’ने वाचली तर दुहेरी अवतरणातलं ‘$२’ शेलला दुसरा पॅरामीटर वाटतो. तो रिकामा असतो, म्हणून उरतं ‘नाशिक०२७’. सिस्टमडीची एन्व्हायर्नमेंटफाइल डॉलर उलगडत नाही आणि अवतरणं काढून टाकते, म्हणजे पासवर्ड बरोबर मिळतो. ‘डॉकर रन’ला ‘--एन्व्ह-फाइल’ म्हणून दिली तर अवतरणचिन्हंसुद्धा पासवर्डचा भाग होतात. तीन ठिकाणी तीन पासवर्ड, आणि चुकलेल्या दोन्ही वेळा डेटाबेस एकच सांगणार की लॉगिन चुकलं. माझा उपाय असा: पासवर्ड लांब ठेवायचा, पण त्यात फक्त अक्षरं आणि अंक. डॉलर, हॅश, अवतरण, जागा काही नको. मग अवतरणं लागतच नाहीत. ओळीच्या सुरुवातीला ‘एक्स्पोर्ट’ही लिहू नका. शेलला ते चालतं, सिस्टमडी ती ओळ सोडून देतं.

दुसरी गोष्ट विंडोजवर संपादित केलेल्या फाइलींची. ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न अक्षर राहतं. मी ‘सोर्स’ने वाचलेल्या एका फाइलीत पासवर्ड चार वेळा अक्षर-अक्षर ताडून पाहिला होता. शेवटी ‘कॅट -ए’ चालवलं आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला ‘^एम$’ दिसलं. ‘डॉस२युनिक्स’ चालवल्यावर लॉगिन झालं.

टाइमझोन लिहिताना

‘एशिया/कोलकाता’ असंच लिहा. ‘एशिया/नाशिक’ असा झोन नाही, आणि चुकीचं नाव दिलं तर लिनक्स तक्रार करत नाही, गुपचूप यूटीसी वापरतं. सगळ्यात फसवं ‘टीझेड=आयएसटी’ आहे. ‘डेट’ कमांडच्या उत्तरात वेळेपुढे ‘आयएसटी’ लिहून येतं आणि वेळ मात्र यूटीसीची असते. पाटी आपली, घड्याळ परकं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवरच ठेवून अॅपमध्ये झोन स्पष्ट लिहिणं मला जास्त पटतं, आणि नानांच्या फोननंतर आम्ही शेवटी तेच केलं. पण लॉगच्या वेळा वाचायला सोप्या व्हाव्यात म्हणून टीझेडही ठेवलं आहे.

कोडमध्ये वाचताना

प्रत्येक किंमत मजकूर असते. ‘डीबग=फॉल्स’ लिहिलं आणि पायथनमध्ये ‘बूल’ने तपासलं तर उत्तर ‘ट्रू’ येतं, कारण ‘फॉल्स’ हा रिकामा नसलेला शब्द आहे. त्यामुळे डीबग चालू राहिलेली साइट चुकेच्या पानावर आतला कोड जगाला दाखवते. ‘१’, ‘ट्रू’, ‘येस’ यांपैकी काही आहे का ते स्पष्ट ताडून पाहा. बाकी सगळं ‘नाही’ धरा.

अत्यावश्यक व्हेरिएबल नसेल तर अॅपने सुरू होण्याआधीच थांबावं. पायथनमध्ये ‘ओएस.एन्व्हायरॉन["डीबी_यूआरएल"]’ तिथेच चूक दाखवतं. ‘ओएस.गेटएन्व्ह’ मुकाट्याने ‘नन’ देतं आणि बिघाड तीन फाइली पुढे, भलत्याच रूपात दिसतो. सगळी वाचनं एका फाइलीत ठेवा. मध्यरात्री दुसऱ्या कोणाला शोधायची वेळ आली तर तो तुमचे आभार मानेल.

गुपितं

.एन्व्ह फाइल वेबच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. ‘/.एन्व्ह’ हा पत्ता मागत फिरणारे बॉट कोणत्याही सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये रोज सापडतील. ती चुकून गिटमध्ये गेली असेल तर ‘.गिटइग्नोर’मध्ये नंतर नाव घालून काही होत नाही, आधीपासून नोंद असलेल्या फाइलीला तो नियम लागत नाही. ‘गिट आरएम --कॅश्ड’ने काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. तेव्हा की आणि पासवर्ड लगेच बदला, इतिहास साफ करण्याचं काम नंतर.

शिदोरीचा नियम इथे आपल्याच अंगावर उलटतो. तुमच्या अॅपने फोटो लहान करायला बाहेरची कमांड चालवली तर तिलाही सगळं गाठोडं मिळतं, डेटाबेसच्या पासवर्डसकट. ‘पीएचपीइन्फो’चं विसरलेलं पान तेच जगासमोर मांडतं. खरोखर नाजूक की असेल तर सिस्टमडीच्या २४७ व्या आवृत्तीपासून ‘लोडक्रेडेन्शियल’ आहे. त्यात गुपित एका बंदिस्त फाइलीत येतं आणि व्हेरिएबलमध्ये फक्त त्या फोल्डरचा पत्ता असतो.

डॉकरबद्दल एवढंच की डॉकरफाइलमधल्या ‘एन्व्ह’ ओळीत पासवर्ड लिहिला तर तो इमेजमध्ये कायमचा जातो, इमेज ज्याला दिली त्याला दिला. आणि फ्रंटएंडसाठी (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागासाठी) व्हीट हे बिल्डचं साधन वापरत असाल तर ‘व्हीट_’ने सुरू होणारी व्हेरिएबल बिल्डच्या वेळी जावास्क्रिप्टमध्ये छापली जातात. ती ब्राउझरमध्ये कोणालाही वाचता येतात, आणि सर्व्हरवर नंतर किंमत बदलली तरी बिल्ड पुन्हा केल्याशिवाय तिथे बदलत नाहीत.

सगळं जागेवर बसलं की साइटवर गर्दी नसताना सर्व्हर एकदा रीबूट करा. स्वतः लॉगिन करून काहीही हाताने सुरू न करता प्रोसेसचा नवा नंबर काढा आणि ‘/प्रॉक’मधली तीच फाइल पुन्हा वाचा. आम्ही हे रात्री एकला केलं, म्हणजे तारखेचीही परीक्षा झाली. यादीत टीझेड होतं, आणि साइटवर नव्या दिवसाचं पान उघडलेलं होतं.